कुणाचा डे-एंड कधी

महापेच्या डेटा सेंटरमध्ये आमच्याकडे जो मुख्य सर्व्हर होता, त्यावर चार सहकारी बँकांचं कोअर बँकिंग चालायचं. एक जिल्हा मध्यवर्ती बँक, एक ऊसपट्ट्यातली नागरी बँक, एक नाशिक जिल्ह्यातल्या कांदा बाजारावर जगणारी बँक आणि एक मुंबईतल्या पगारदारांची. यंत्र आयबीएमचं, पॉवर ७ प्रोसेसरचं, दोन ड्रॉवरचं. आत ३२ कोअर, त्यातले २४ चालू आणि ८ बंद ठेवलेले; पैसे भरून कोड टाकला की तेही चालू होणार. प्रत्येक बँकेला दोन पार्टिशन दिलेली होती, एक डेटाबेसचं आणि एक ॲप्लिकेशनचं. शिवाय सगळ्यांच्या रिपोर्टसाठी एक, टेस्टिंगसाठी एक, आणि नेटवर्क व डिस्क सगळ्यांना पुरवणारे दोन व्हर्च्युअल आयओ सर्व्हर. या बारा पार्टिशनांना काय, किती आणि कधी द्यायचं, हे ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. ते काम मला मनापासून आवडायचं. त्याच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लॉजिकल पार्टिशन म्हणजे एकाच यंत्राचे असे भाग, की प्रत्येक भागाला आपण स्वतंत्र सर्व्हर आहोत असंच वाटावं. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, मेमरी वेगळी. एक बंद पडला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. मेनफ्रेमवर ही सोय आयबीएमने १९८८मध्ये आणली आणि पॉवरच्या युनिक्स सर्व्हरवर ती २००१च्या पी-६९०पासून आली. माझे वरिष्ठ त्या काळापासून हे काम करत होते. तेव्हा अख्खा प्रोसेसरच द्यावा लागायचा. अर्ध्या प्रोसेसरचं काम असलेलं पार्टिशनही पूर्ण प्रोसेसर अडवून बसायचं. २००४मध्ये पॉवर ५ आला आणि प्रोसेसरचा दहावा हिस्सासुद्धा देता येऊ लागला. सर म्हणायचे, "त्या दिवसापासून आपलं काम बदललं. आधी आपण लोखंड वाटत होतो, आता वेळ वाटतो."

हे त्यांनी अगदी शब्दशः म्हटलं होतं. यंत्रातला हायपरवायझर, म्हणजे पार्टिशनांना वाटा देणारा थर, दहा मिलिसेकंदांचा एक फेरा धरतो. एका पार्टिशनला एक व्हर्च्युअल प्रोसेसर आणि अर्धा कोअर हक्क दिला असेल, तर त्या दहातले पाच मिलिसेकंद त्याचे. काहीही झालं तरी ते त्याला मिळणारच. या हक्काला आम्ही एन्टायटलमेंट म्हणतो. त्यापुढचा प्रश्न असतो उरलेल्याचा. जो आपला वाटा वापरत नाही, त्याचा वेळ सामायिक पूलमध्ये येतो आणि ज्या पार्टिशनांना ‘अनकॅप्ड’ ठेवलेलं असतं ती तो वापरू शकतात. मागणारे एकापेक्षा जास्त झाले की वेट बघितलं जातं. ते ० ते २५५ असतं, न बदललं तर १२८. आम्ही आयओ सर्व्हरना २५५ दिलं होतं, कारण ते अडले की सगळेच अडतात. टेस्टिंगला अगदी थोडं. आणखी एक बंधन व्हर्च्युअल प्रोसेसरचं. ते दोनच असतील, तर अख्खं यंत्र रिकामं असलं तरी पार्टिशन दोन कोअरच्या वर जाऊ शकत नाही.

नव्या माणसाला वाटतं, वेट वाढवलं की झालं. पण वेट फक्त उरलेल्यावर चालतं, आणि काही उरलंच नाही तर २५५ आणि १ यांत काही फरक राहत नाही. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "एन्टायटलमेंट हे वचन आहे. बाकीचं मिळालं तर मिळालं. बँकेला सांगताना वचन तेवढंच सांगायचं."

बँकांकडून मागण्या आल्या तेव्हा प्रत्येकीने आपल्या सर्वांत वाईट दिवसाचा आकडा लिहून पाठवला होता. त्यांची बेरीज चालू असलेल्या २४ कोअरच्या कितीतरी वर जात होती. उलट सरासरीची बेरीज केली, तर यंत्र अर्ध्याहून अधिक रिकामं दिसत होतं. दोन्ही बेरजा निरुपयोगी होत्या. मग मी एनमॉनच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. नायजेल ग्रिफिथ्स या आयबीएमच्याच माणसाने लिहिलेलं हे छोटंसं साधन एआयएक्सवर, म्हणजे या यंत्रांच्या युनिक्सवर, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असतं. दर पाच मिनिटांनी एक नोंद, दिवसाच्या २८८. सगळ्या पार्टिशनांचे आलेख एकाच वेळेच्या पट्टीवर एकाखाली एक लावले, आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की या चार बँका एकाच वेळी भुकेल्या नसतात.

इथे एक सांगायला हवं. आलेखातला आकडाही नीट वाचावा लागतो. एआयएक्स काम आलं की ते आधी वेगवेगळ्या व्हर्च्युअल प्रोसेसरांवर पसरवतं, प्रत्येकाचा पहिला थ्रेड भरतं आणि मग त्याच कोअरच्या बाकीच्या थ्रेडकडे वळतं. पॉवर ७च्या एका कोअरला चार थ्रेड आहेत. त्यामुळे ‘फिजिकल कन्झम्प्शन ४’ असं दिसलं म्हणजे चारही कोअर काठोकाठ भरले असं नसतं. व्हर्च्युअल प्रोसेसर उगाच जास्त दिले, तर तेच काम जास्त कोअर खाताना दिसतं. ‘प्रोसेसर कमी पडतोय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या एका व्हेंडरचं समाधान आम्ही व्हर्च्युअल प्रोसेसर कमी करून केलं होतं.

तर भुकेच्या वेळा. पगारदारांच्या बँकेत महिन्याची शेवटची तारीख आणि पहिला आठवडा, मध्ये शांतता. कांद्याच्या बँकेत लिलाव उरकले की दुपारनंतर जमा, आणि बाजार बंद असला की जवळजवळ काहीच नाही. जिल्हा बँकेच्या शाखा खेडोपाडी, त्यामुळे दिवसभर एकसारखं काम आणि रात्री सर्वांत लांब डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचं काम. ऊसपट्ट्यातल्या बँकेचं सगळंच निराळं. गळीत हंगाम सुरू झाला की १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची असते. प्रत्यक्षात कारखान्याकडे पैसा आला की बिलं निघतात. एका फाइलमध्ये हजारो खात्यांच्या जमा नोंदी येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांसमोर रांगा.

ही तारीख कोणत्याही आलेखात आधी दिसत नाही. ती फक्त त्या बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागातल्या साहेबांना ठाऊक असायची. सुरुवातीला ते कळवत नसत, कारण मुंबईच्या डेटा सेंटरला ऊसबिलाशी काय देणंघेणं, असं त्यांना वाटे. मी त्यांना एकदा सगळं समजावून सांगितलं : हक्क किती, उरलेलं कसं वाटलं जातं, रात्री कोण काय वापरतं.

"म्हणजे कालव्याची शेजपाळीच की ओ मॅडम," ते म्हणाले. "वरच्यांनी दार लवकर बंद केलं, तर टेलला पाणी पोचणार."

"अगदी तसंच. म्हणून तर म्हणते, तुमची पाळी मोठी असेल त्या दिवशी मला आधी सांगा."

त्यानंतर त्यांचा फोन न चुकता यायचा. "मॅडम, उद्या बिल पडणार आहे. मोठं आहे." एवढंच. त्या एका वाक्यावर मी त्या रात्रीची आखणी बदलत असे. माझ्या एक्सेलच्या शीटमध्ये कोअर आणि जीबीच्या शेजारी ‘बिल’, ‘पगार’, ‘बाजार बंद’ असे रकाने आले, ते असे.

आता डेटाबेसची अडचण. ॲप्लिकेशनची पार्टिशनं अनकॅप्ड ठेवता येत होती, डेटाबेसची नाही. ओरॅकलचे परवाने कोअरवर मोजले जातात आणि त्यांच्या धोरणाप्रमाणे असं पार्टिशन कॅप्ड असेल, तरच तेवढेच कोअर मोजतात. पॉवर ७साठी तर त्यांच्या तक्त्यात एका कोअरला एक पूर्ण परवाना. आमच्याकडे नऊ होते. जिल्हा बँकेला चार, ऊस आणि पगार या दोन बँकांना दोन-दोन, कांद्याच्या बँकेला एक. म्हणजे ज्या पार्टिशनांवर रात्रीचा खरा भार यायचा, त्यांनाच शेजारी रिकामा पडलेला वेळ घेता येत नव्हता. डे-एंडला किती तास लागणार, हे त्या चौकटीनेच ठरवून टाकलं होतं.

यातून वाट काढायची तर चौघींचे डे-एंड एकामागून एक लावायला हवे होते. चालू पार्टिशनमधून एक कोअर काढून दुसऱ्याला देता येतो, यंत्र बंद करावं लागत नाही. आधी काढायचं, मग द्यायचं, म्हणजे बेरीज नऊच्या वर कधीच जात नाही. एचएमसी या व्यवस्थापन कन्सोलवर हे वेळापत्रकाप्रमाणे लावून ठेवता येतं. तांत्रिक भाग एवढाच. कठीण भाग होता चार बँकांना वेळ मान्य करायला लावण्याचा. प्रत्येकीला आठ वाजताच डे-एंड हवा होता, कारण शाखेतला माणूस त्यानंतरच घरी जातो. मी त्यांना दोष देत नाही. पण चौघींनी आठला सुरू केलं की सगळ्यांचंच मध्यरात्रीपर्यंत रेंगाळायचं. शेवटी मी शीट घेऊन प्रत्येकीच्या ऑफिसात गेले आणि तुलना दाखवली. छोट्या बँकांचं आधी, एक कोअर जास्त देऊन, झटपट. त्या मोकळ्या झाल्या की त्यांच्याकडचं काढून जिल्हा बँकेला द्यायचं. कांद्याच्या बँकेच्या व्यवस्थापकांनी आकडे बघितले आणि सर्वांत आधी होकार दिला. जिल्हा बँकेला पटवायला जास्त वेळ लागला, कारण मोठ्याने थांबायचं कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. थांबूनही त्यांचं काम आधीपेक्षा लवकर संपतं हे दिसल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

मेमरीचं मात्र असं उसनं-पासनं चालत नाही. आमच्या रचनेत ज्याची मेमरी त्याचीच होती, तो झोपला असला तरी. म्हणून मेमरीची आखणी वाईट दिवसाच्या हिशेबानेच करावी लागते. त्यात एक छुपा खर्च आहे, जो आराखड्यात सहज सुटतो. प्रत्येक पार्टिशनला किमान, हवी तेवढी आणि कमाल अशा तीन संख्या द्याव्या लागतात. हायपरवायझर पानांचा जो तक्ता ठेवतो, तो कमाल संख्येवरून आखतो, तिच्या एक-चौसष्टांश. व्हेंडरच्या पहिल्या कागदावर ‘पुढे लागेल’ म्हणून बँकांच्या, रिपोर्टच्या आणि टेस्टिंगच्या अशा दहाही पार्टिशनांना २५६ जीबी कमाल लिहिली होती. म्हणजे प्रत्येकामागे ४ जीबी, एकूण ४० जीबी मेमरी काहीही न करता अडकणार. यंत्रात होती ५१२. आम्ही डेटाबेसना १२८ आणि बाकीच्यांना ६४ अशी कमाल ठरवली, आणि तो खर्च १४ जीबीवर आला.

दोन ड्रॉवरचंही एक पथ्य आहे. पार्टिशनचा प्रोसेसर एका ड्रॉवरमध्ये आणि मेमरी दुसऱ्यात पडली तर प्रत्येक वाचनाला लांबचा फेरा पडतो. कोणाला कुठे बसवायचं हे हायपरवायझर पार्टिशन सुरू होताना ठरवतो. म्हणून यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं असेल, तेव्हा आम्ही आयओ सर्व्हरनंतर सर्वांत मोठं पार्टिशन आधी उठवायचो, मग त्याहून लहान, आणि टेस्टिंग सर्वांत शेवटी. चालू झाल्यावर एलएसस्रॅड ही कमांड देऊन कोण कुठे बसलं ते तपासायचं. हा क्रम मी भिंतीवर लावला होता. रात्री तीनला डोकं चालेनासं होतं तेव्हा भिंतीवरचा कागद चालतो.

वेळा जुळवून आखलेली कोणतीही योजना ३१ मार्चला उपयोगी पडत नाही. त्या दिवशी चारही बँका एकाच वेळी भुकेल्या असतात. पीककर्जाची फेड, वर्षअखेरचं व्याज, रात्री उशिरापर्यंत उघड्या शाखा. एकाने दुसऱ्याला द्यावं असं काही उरतच नाही. म्हणून २४ कोअरपैकी मी २१च बांधले होते. तीन कायम मोकळे ठेवले, आणि मार्चअखेरीस बंद असलेल्या आठांपैकी काही, दिवसावर भाडं भरून, आम्ही चालू करायचो. त्याची मंजुरी फेब्रुवारीतच घ्यावी लागे. वर्षभर तीन कोअर बिनकामाचे का, असा प्रश्न प्रत्येक आढाव्यात यायचा आणि प्रत्येक आढाव्यात मी मार्चचा आलेख पुढे ठेवायचे.

मार्च निदान कॅलेंडरमध्ये असतो. ८ नोव्हेंबर २०१६ नव्हता. रात्री आठची घोषणा झाली आणि ५०० व १,०००च्या नोटा बाद झाल्या. नवाला बँका बंद, दहाला उघडणार. आम्हाला मधला एक दिवस मिळाला. टेस्टिंगचं पार्टिशन पूर्ण बंद केलं, रिपोर्ट रात्रीवर ढकलले, बंद कोअर चालू केले आणि ते ॲप्लिकेशनच्या पूलमध्ये जाऊ दिले. काउंटरवरची गर्दी आधी तिथेच धडकणार होती. वेट नव्याने ठरवली. शनिवार-रविवारीही बँका उघड्या राहिल्या, त्यामुळे आठवड्याचा जो आकार आम्हाला पाठ होता, तो नाहीसा झाला. त्या दिवसांत सर्व्हर टिकला याचा मला आजही अभिमान आहे. तो टिकला कारण तीन कोअर मोकळे होते.

मग १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई केली. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर जिल्हा बँकेचा आलेख, जो वर्षभर सर्वांत उंच असायचा, तो खाली आला. इतर बँकांचे तसेच चढे. तांत्रिकदृष्ट्या मला मोकळा वेळ मिळाला होता, आणि तो मी लगेच ऊसपट्ट्यातल्या बँकेकडे वळवला. तेच माझं काम होतं. पण त्या खाली आलेल्या रेषेचा अर्थ मला कळत होता. ज्या गावात दुसरी बँकच नाही, तिथल्या माणसाला आता नोटा घेऊन तालुक्याला जावं लागणार होतं. माझं माहेर तशाच गावातलं आहे. त्या आठवड्यात मी जिल्हा बँकेच्या ईडीपीतल्या मॅडमना रोज फोन करत होते, काम नसतानाही.

पुढचा मोठा बदल कुणाला फारसा जाणवला नाही, पण आमची आखणी त्याने मुळापासून हलवली. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं. त्याआधी ते सकाळी ८ ते संध्याकाळी ७ असायचं. एटीएम आणि आयएमपीएस रात्री चालत होते, तरी रात्र मुख्यतः डे-एंडची होती. आता दिवसभरात अठ्ठेचाळीस बॅचेस, दर अर्ध्या तासाला एक, मध्यरात्रीही. वर्षभराने, १४ डिसेंबर २०२०ला आरटीजीएसही चोवीस तास झालं. आमची सगळी रचना रात्र रिकामी असते या गृहीतावर उभी होती. डे-एंडच्या मध्यावर डेटाबेसमधून कोअर काढायचा आणि त्याच वेळी त्या बँकेची एनईएफटीची बॅच यायची, असं होऊ लागलं. म्हणून आम्ही कोअर हलवण्याच्या वेळा बॅचच्या वेळांपासून दूर सरकवल्या आणि प्रत्येक डेटाबेससाठी एक तळ ठरवला, ज्याच्या खाली रात्रीही जायचं नाही. कांद्याच्या बँकेकडे मुळात एकच होता, म्हणजे तिच्याकडून काही घेणं बंद झालं. डे-एंड थोडे लांबले. ते स्वीकारावं लागलं, कारण शेतकऱ्याच्या खात्यात रात्री साडेअकराला आलेले पैसे सकाळपर्यंत अडकून पडू नयेत, हे जास्त महत्त्वाचं होतं.

आता ही शीट माझ्या तरुण सहकाऱ्याकडे आहे. तो हुशार आहे, आणि आमचा एका गोष्टीवर वाद आहे. त्याचं म्हणणं, यंत्राचा वापर सरासरी पंच्याऐंशी टक्क्यांवर न्यायला हवा, नाहीतर इतक्या महाग कोअरचा उपयोग काय. मोकळे तीन कोअर आणखी एका बँकेला देता येतील. त्याचे आकडे बरोबर आहेत. मी त्याला म्हटलं, नवी बँक जरूर घे, पण तिची भूक कधी असते ते आधी विचार. तिचा मार्च आणि आपल्या चौघींचा मार्च एकच असेल, तर ते तीन कोअर तू देऊ शकत नाहीस, ते आधीच दिलेले आहेत. त्याने त्या बँकेच्या मागच्या वर्षभराच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी मागवल्या आहेत. ती बँक द्राक्षपट्ट्यातली आहे, आणि तिथला हंगामही नेमका फेब्रुवारी-मार्चचाच. नोंदी आल्या की आम्ही दोघं पुन्हा बसणार आहोत.